गुडघा बदलून घरी आल्यावर: पहिले सहा आठवडे

गेल्या वर्षी ६ जानेवारीला पुण्यात माझा उजवा गुडघा बदलला आणि १० तारखेला मी साताऱ्याला घरी आले. वय ६७, रक्तदाबाची गोळी चालू, साखर काठावर. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं उभं राहून शिकवलं आणि निवृत्तीनंतरची पाच वर्षं 'बघू पुढच्या वर्षी' म्हणण्यात घालवली. दवाखान्यातून निघताना हातात एक इंग्रजी कागद दिला. त्यावर गोळ्यांची यादी होती, टाके काढायची तारीख होती आणि शेवटी 'व्यायाम चालू ठेवा' एवढी एक ओळ. उशी कुठे ठेवायची, मोरीत कसं जायचं, रात्री दोन वाजता पाय ठणकायला लागला तर काय करायचं, यातलं काहीच नव्हतं. ते आम्ही दोघांनी घरी शिकून घेतलं, थोडं चुकून आणि बरंचसं फिजिओला विचारून. आता आमच्या पेठेतल्या तिघीजणी याच ऑपरेशनला निघाल्यात. प्रत्येकीला फोनवर सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते.

तुमच्या डॉक्टरांनी यातलं काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. दोन्ही गुडघे एकदम केलेले असले किंवा हाड ठिसूळ असलं, तर हिशेब बदलतो.

ऑपरेशनला जायच्या आधी घर

ही तयारी आल्यावर करायची नसते. मी दवाखान्यात असताना यांनी निम्मं काम केलं आणि उरलेलं मी खुर्चीत बसून सांगत गेले, त्यात दोन दिवस हाल झाले.

पलंगापासून संडासापर्यंतची वाट आधी बघा. आमच्या जुन्या घरात या वाटेवर तीन उंबरे आहेत. वॉकर उंबऱ्यावरून नेताना एक पाय अलीकडे, एक पलीकडे अशी वेळ येते आणि तोल तिथेच जातो. सुताराकडून दोन उंबऱ्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी उतार करून घेतला. तिसऱ्या उंबऱ्याला जमलं नाही, तेव्हा पलंगच त्या खोलीतून बाहेर काढला. सगळी पायपुसणी आणि सतरंज्या उचलून माळ्यावर टाका. मोबाइलच्या चार्जरची वायरसुद्धा वाटेत नको.

बसायची खुर्ची हाताची हवी आणि उंच हवी. बसल्यावर कंबर गुडघ्याच्या थोडी वर राहिली पाहिजे. सोफा सहा आठवडे विसरा, त्यात माणूस रुततो आणि उठता येत नाही. आमचा दिवाण बुटका होता. त्याच्या पायांखाली सुताराने चार इंची ठोकळे दिले, पण नुसते सपाट नाहीत. ठोकळ्याच्या वरच्या बाजूला खळगा कोरून पाय त्यात बसवला, म्हणजे सरकत नाही.

आमच्याकडे भारतीय बैठकीचा संडास. त्यावर उकिडवं बसणं आता कायमचं बंद, हे मनाला आधीच सांगून ठेवा. त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची सर्जिकल दुकानात मिळते, भाड्यानेही मिळते. तिच्या चारही पायांच्या रबरी टोप्या तपासून घ्या. भिंतीला धरायचा दांडा प्लंबरकडून पक्का बसवून घ्या. टॉवेलची दांडी धरून उठायचं मनातही आणू नका, ती तुमच्या वजनासाठी नसते. आंघोळीला मोरीत प्लास्टिकची जड, रुंद खुर्ची ठेवा.

कपड्यांचं बोलायला हवं. जन्मभर साडी नेसले, पण साडीच्या निऱ्या वॉकरच्या पायाखाली येतात. पहिल्याच दिवशी मी दोनदा अडखळले. घोट्याच्या वर राहील असा गाऊन किंवा सलवार सहा आठवडे घाला, देवपूजेलासुद्धा. पायात मागून पट्टा असलेली, तळव्याला न घसरणारी चप्पल घाला. सपाता नकोत.

वॉकर धरला की दोन्ही हात गुंतले. चहाचा कप नेता येत नाही, हे घरी आल्यावर कळतं. वॉकरच्या पुढच्या दांडीला कापडी पिशवी बांधा. तिच्यात मोबाइल, चष्मा, पाण्याची बाटली आणि झाकण घट्ट बसणारा लहान थर्मास ठेवा. पिशवीत जड काही भरू नका, वॉकर पुढे कलतो.

प्रवास

पुणे ते सातारा ११० किलोमीटरच्या आसपास. गाडीत पुढची सीट मागे सरकवली, पाठ थोडी कलती केली आणि सीटवर प्लास्टिकची पिशवी पसरली, म्हणजे बसल्या बसल्या वळता येतं. आधी पाठमोरं उभं राहून बसायचं, मग दोन्ही पाय आत घ्यायचे. शिरवळला उतरून पाच मिनिटं चालले. सबंध वाटेत पंजा वर-खाली हलवत राहिले. पाय बराच वेळ लोंबता आणि स्थिर ठेवला की पोटरीत रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो.

आत काय झालंय

आपण 'वाट्या बदलल्या' म्हणतो, पण वाटी बऱ्याचदा तशीच राहते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक थोडं तासून त्यांवर धातूचं कवच बसवतात, मध्ये चिवट प्लास्टिकची चकती असते. हा नवा सांधा पहिल्या दिवसापासून वजन पेलतो, म्हणूनच त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. बरं व्हायचं असतं ते भोवतीचं मांस, कातडी आणि मांडीचा स्नायू. माझा स्नायू तर पाच वर्षं दुखणं चुकवत चालल्याने आधीच सुकलेला होता. सांधा डॉक्टरांनी बसवला, स्नायू कमवायचा तुम्ही.

२००० सालच्या ऑक्टोबरात अटलजींचा डावा गुडघा मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा. तेव्हा आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत हाच विषय असायचा आणि हे मोठ्या लोकांचं ऑपरेशन, असं आम्ही धरून चाललो होतो. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याला कर सोडून ५४,७२० रुपये. त्यानंतर आमच्यासारख्या घरांत याचा विचार व्हायला लागला. एवढा पैसा आणि एवढी हिंमत एकवटल्यावर घरातल्या चुकीने पाय वाकडा राहू नये, म्हणून पुढचा भाग नीट वाचा.

उशी

घरी आल्या आल्या माझ्या नणंदेने प्रेमाने गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली. काय बरं वाटलं! ठणका निम्मा झाला. दिवसा उशी, रात्री उशी, असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी फिजिओ आली. वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान. तिने उशी काढली, पाय गादीवर सोडायला सांगितला आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीखाली हात घातला. तिची तीन बोटं आडवी आरामात आत गेली. म्हणाली, "काकू, पाय सरळ होत नाहीये. आजपासून ही उशी या खोलीत नको."

गुडघा अर्धवट वाकलेला असताना आतल्या सुजेला जागा मिळते, म्हणून आराम वाटतो. पण तो तसाच राहिला की मागच्या शिरा आणि पापुद्रे आखडतात आणि पाय कायमचा किंचित वाकलेला राहतो. मग चालताना लंगड येते, मांडी लवकर थकते, दुसऱ्या गुडघ्यावर भार पडतो. लोक वाकण्याची काळजी करतात, 'किती वाकतो' हेच सगळे विचारतात. सरळ होणं तितकंच महत्त्वाचं आहे आणि ते पहिल्या काही आठवड्यांतच साधायचं असतं.

उशी ठेवायची ती टाचेखाली किंवा पोटरीच्या खालच्या टोकाखाली, गुडघा अधांतरी राहील अशी. मी जुन्या पंच्याची घट्ट गुंडाळी करून टाचेखाली ठेवायचे आणि दहा मिनिटं तशीच पडून राहायचे, दिवसातून चार-पाच वेळा. पहिली दोन मिनिटं मागून ताण येतो, डोळ्यांत पाणी येतं. नंतर हळूहळू गुडघा खाली बसतो. ती तीन बोटं घालवायला मला पुढचे तीन आठवडे लागले. उशी आधीच नसती तर ते तीन आठवडे वाचले असते.

शेक नको, बर्फ

आपल्या घरांत दुखलं की गरम पाण्याची पिशवी आणि तेलाचं मालिश. इथे दोन्ही वर्ज्य. नव्या गुडघ्याला शेकलं तर सूज वाढते. पोटरी चोळली आणि आत गुठळी असली तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. जखमेवर हळद, लेप, तूप काही नको. भेटायला येणारं प्रत्येक माणूस एक तेल सुचवतं. हात जोडून नाही म्हणा.

बर्फ सुती रुमालात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवायचा, थेट कातडीवर कधीच नाही. आम्ही फ्रीजरमध्ये मटाराच्या दोन पिशव्या ठेवल्या होत्या. त्या गुडघ्याभोवती छान बसतात, पण त्यांवर खूण करा आणि नंतर ते मटार भाजीला वापरू नका. व्यायामानंतर आणि चालून आल्यावर बर्फ, शिवाय रात्री झोपताना. बर्फ लावताना पाय छातीपेक्षा उंच हवा, आधार टाचेखालीच.

दुखण्याच्या गोळीचं एक लक्षात ठेवा: ती व्यायामाच्या पाऊण तास आधी घ्या. 'सहन होईल तेवढं सहन करते' म्हणून मी पहिले दोन दिवस गोळी टाळली आणि व्यायामही टळला. ठणका डोक्यात चढल्यावर घेतलेली गोळी उशिरा लागते. तीव्र गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, ते पहिल्या दिवसापासून धरून चाला. पाणी, पपई, रात्री कोमट पाण्यातून इसबगोल. गोळ्या कमी कशा करत आणायच्या ते डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने औषधाच्या दुकानातून सूज उतरवायची गोळी आणू नका, विशेषतः रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असताना. ही रक्ताची गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही.

खडूची रेघ

व्यायाम मोजकेच. जागे असाल तेव्हा दर तासाला पंजा वर-खाली वीस वेळा. पडल्या पडल्या गुडघा गादीत दाबायचा, मांडी आवळायची, पाच अंक मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. पाय सरळ ठेवून गादीपासून वीतभर उचलायचा. पहिल्या दिवशी माझा पाय उचललाच गेला नाही, जणू तो माझा नव्हताच. चौथ्या दिवशी दोन बोटं उचलला. टाच गादीवर घासत कुल्ल्याकडे ओढायची, यासाठी पायाखाली जुनी नायलॉनची साडी अंथरा. सुती चादरीवर टाच अडकते, नायलॉनवर सुळकन सरकते.

वाकणं मोजायला फिजिओकडे कोनमापक असतो, घरी नसतो. माझ्याकडे खडू होता. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, तिच्या चारही पायांभोवती फरशीवर खडूने चौकोन काढले, म्हणजे ती रोज त्याच जागी येईल. बसायचं, पाठ टेकलेली, पाऊल जमिनीला सपाट. मग पाऊल मागे सरकवत न्यायचं, कुल्ला उचलू न देता. जिथे थांबेल तिथे पाच मोजायचे आणि यांनी अंगठ्याच्या टोकाशी रेघ मारून तारीख घालायची. चांगला पाय ऑपरेशनच्या पायापुढे ठेवून हलकेच मागे ढकलायला वापरा, दुसऱ्या कुणाला जोराने दाबू देऊ नका.

रोज सकाळी रेघ. पहिल्या आठवड्यात रेघा एकमेकींना चिकटून होत्या. १२, १३, १४ जानेवारी, नखभर फरकाने. संक्रांतीला तिळगूळ द्यायला माणसं येत राहिली. मी खुर्चीत बसून राहायला हवं होतं, पण लेकी-सुनांना पाहून उठले, स्वयंपाकघरात गेले, अर्धा तास ओट्याशी उभी राहिले. दुसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्यासारखा सुजला आणि १५ तारखेची रेघ १२ तारखेच्याही पुढे पडली. मला रडू आलं. फिजिओने रेघा बघितल्या आणि सांगितलं की सूज उतरली की रेघ परत मागे जाईल. दोन दिवस बर्फ आणि आराम केला, १८ तारखेला ती गेली. तेव्हापासून आमचा नियम असा: संध्याकाळी सूज सकाळपेक्षा फार वाढली तर उद्याचं चालणं निम्मं, पण व्यायाम बंद नाही.

दोन आठवड्यांच्या आसपास ९० अंश, म्हणजे खुर्चीत नेहमीसारखं बसता येईल एवढं, साधायचा प्रयत्न असतो. माझं ८५ होतं. सहाव्या आठवड्यात ११२ झालं. तुमचं यापेक्षा मागेपुढे असेल, दुसऱ्याच्या गुडघ्याशी तुलना करून जीव कुरतडून घेऊ नका. पण दोन आठवडे रेघ हललीच नाही, तर फिजिओला आणि डॉक्टरांना दाखवा, वाट बघत बसू नका.

चालणं आणि जिना

आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. टाच आधी टेकवा. घरातल्या घरात दर तासा-दोन तासाला पाच मिनिटं, हे एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा बरं. माझा वॉकर चौथ्या आठवड्यात सुटला आणि काठी आली. काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरायची. माझा उजवा गुडघा, काठी डाव्या हातात. सगळे उलट धरतात, मीही धरली होती.

जिन्याला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. कठडा धरा. मदतीचा माणूस चढताना तुमच्या मागे आणि उतरताना तुमच्या एक पायरी पुढे हवा.

याला थांबायचं नाही

पोटरी एका बाजूने दुखून टणक, गरम, लाल झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर फोन करत बसू नका, थेट जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. जखमेतून पाणी किंवा पू, वाढत जाणारी लाली, १०१ च्या वर ताप, थंडी वाजणं, हे जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं. अशा वेळी घरातली जुनी अँटिबायोटिक घेऊ नका, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा.

जखम झाकलेली आणि कोरडी. माझ्या टाक्यांच्या पिना १४ व्या दिवशी काढल्या, तोवर अंग पुसून घेतलं. साखर असलेल्यांनी या दिवसांत रोज साखर तपासावी, वाढलेली साखर जखम भरू देत नाही. प्रथिनं हवीत: वरण, मूग, दही, अंडी चालत असतील तर अंडी. 'आजारी आहे' म्हणून नुसता मऊ भात खाऊन स्नायू येत नाही.

भेटायला येणाऱ्यांना सर्दी-खोकला असेल तर नंतर या म्हणा. वाईट वाटलं तरी चालेल.

रात्र

याबद्दल मला कुणी आधी सांगितलं नाही, आणि तेच सगळ्यात जड गेलं. दिवस निघतो, रात्र निघत नाही. कुशीवर वळता येत नाही, उताणं झोपून पाठ अवघडते, एक-दोन वाजता ठणक्याने जाग येते आणि मन नको तिकडे जातं. तिसऱ्या आठवड्यात मला खरंच वाटलं की उगीच केलं. यांना उठवायला लाज वाटायची. एका रात्री मी अंधारात रडत होते ते यांना कळलं. हे उठले, काही न बोलता बर्फ आणला, पायाशी बसून राहिले. नंतर फिजिओ म्हणाली, जवळजवळ प्रत्येक पेशंटची झोप पहिले काही आठवडे अशीच असते, काकू, तुम्ही एकट्या नाही. मला ते पहिल्या दिवशी कळायला हवं होतं, म्हणून तुम्हाला सांगते.

काय उपयोगी पडलं: झोपण्याआधी बर्फ आणि रात्रीची गोळी वेळेवर. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली. डाव्या कुशीवर वळताना दोन पायांमध्ये मांडीपासून घोट्यापर्यंत लांब लोड, आणि तोही डॉक्टरांना विचारून. जाग आलीच तर पडून तळमळण्यापेक्षा दिवा लावून, वॉकर धरून खोलीत दोन फेऱ्या. सहाव्या आठवड्यात एका रात्री पाच तास सलग झोपले.

नंतरचं

गुडघा सहा महिनेपर्यंत थोडा गरम लागू शकतो, संध्याकाळी सुजतो. चालताना आत टक असा आवाज येतो, तो धातू-प्लास्टिकचा, दुखत नसेल तर काळजी नको. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला हाताएवढा भाग बधिर राहतो. तिथली कातडीची बारीक नस छेद देताना तुटते. माझा तो भाग कमी झालाय, गेला नाही.

जमिनीवर मांडी घालणं मी सोडलं. पूजा उंच स्टुलावर देव मांडून करते, हळदीकुंकवाला खुर्ची मागते. दात काढायचा किंवा मोठं दातांचं काम असेल तर दंतवैद्यांना आधी सांगा की गुडघा बदललाय, तोंडातले जंतू रक्तातून सांध्यापर्यंत जाऊ शकतात. स्कूटर मी नवव्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून हातात घेतली.

डावा गुडघा दिवाळीनंतर करायचा ठरलंय. दिवाणाखालचे ठोकळे मी काढलेच नाहीत. कमोडची खुर्ची सध्या पलीकडच्या गल्लीतल्या वहिनींकडे आहे, मार्चपर्यंत परत येईल; त्याआधी कुणाला हवी असेल तर त्यांच्याशी बोलून ठरवू. खडू मात्र नवीन आणायचा आहे.